बहात्तरच्या बरण्या

मंगळवारी सकाळी सात वाजता नळाला गढूळ पाणी आलं. त्र्याऐंशीचा जुलै, पंचगंगा पात्राबाहेर. यात नवीन काही नव्हतं. आक्कांनी फडताळातून तुरटीचा खडा काढला, पिंपावर वाकून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि खडा गोल फिरवायला सुरुवात केली. कालिंदी शेजारच्या ओट्यावर कणीक मळत होती. आक्का पाण्याकडे बघत, सुनेकडे न बघता म्हणाल्या, "तुज्या त्या बरण्यांत बी फिरवली हुती की मी. कसलं झ्याक निवळलं हुतं."

"कुठल्या बरण्यांत?"

"तुज्या किड्यांच्या गं. कॉलेजचं पत्रं बदलाय लागलं हुतं, तवा न्हाय का आणून ठेवल्या हुत्यास कॉटखाली."

"कधी फिरवली?"

"तू नेसरीला बाळंतपणाला गेलतीस. पाळण्याला जागा कराय म्हणून मी त्या सरकवल्या, तर समद्या गढूळ. म्हटलं, नासलं बाईचं सगळं. मग उघडून एकेकीत दिलं दोन येढं. डोळं असं चुरचुरलं, इचारू नगंस."

"सगळ्यांत?"

आक्कांचा हात पाण्यात थांबला. "सगळ्यांत कुठनं? म्होरल्या म्होरल्या. मागं हात पोचंना."

"मला सांगितलं नाहीत कधी."

"त्यात काय सांगायचं? पाणी निवळल्याचं कुणी सांगतंय व्हय?"

कालिंदीने कणकेचा गोळा झाकून ठेवला आणि हात धुतले. पाणी गढूळ होतं, बोटांच्या पेरांत बारीक रेती राहिली. दहा वर्षांची लेक नंदिनी दप्तर शोधत होती, तिचे वडील हंबीरराव उद्यमनगरातल्या आपल्या लेथच्या शेडवर जायला निघाले होते, डबा भरायचा होता. तिने डबा भरला. भाजी घातली, लोणच्याची फोड घातली, झाकण लावलं. घरात काय घडलं हे तिच्याशिवाय कुणाला कळलं नव्हतं. आक्कांना तर नाहीच; त्या आता पिंपाच्या तळाशी बसत चाललेला गाळ समाधानाने बघत होत्या. कालिंदीला वाटलं, आपल्याला धक्का बसायला हवा होता. पण जे झालं ते धक्क्यासारखं नव्हतं. गर्दीत हातातली पिशवी अचानक हलकी लागावी आणि आत काय होतं ते पटकन आठवू नये, तसं ते होतं.

पिशवीत काय होतं ते कॉलेजच्या वाटेवर, छत्रीखाली, एकेक करून आठवत गेलं. समुद्रापासून इतक्या लांब, घाटाच्या या बाजूला बसून समुद्र मोजायचा हे तिने बारा वर्षांपूर्वी ठरवलं तेव्हा कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागातले लोक हसले होते. नेसरीच्या शेतकऱ्याची मुलगी, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तोही भरतीला घाबरून लांबून. पण मालवणला एक होडीवाला भेटला, त्याला रेशमी कापडाचं निमुळतं जाळं दाखवलं, ते किती वेळ आणि किती सावकाश ओढायचं हे शिकवलं, आणि दर वर्षी दिवाळीच्या पुढेमागे ती एसटीने जाऊन बरण्या भरून आणू लागली. बरणीत फॉर्मलिन, त्यात टाकणखार. टाकणखार गुजरीतल्या सोनाराकडून यायचा. दागिने जोडायला लागतो म्हणून तो चांगला ठेवतो. तो घालायचा कारण नुसतं फॉर्मलिन कालांतराने आंबट होतं, आणि आंबट पाण्यात शंख विरघळतात. तिच्या बरण्यांत शंख होते. टेरोपॉड म्हणजे टाचणीच्या माथ्याएवढी गोगलगाय. तिला पायाच्या जागी दोन पंख असतात आणि जन्मभर ती तळाला टेकत नाही, पोहत राहते. तिचा शंख काचेसारखा, आरपार दिसणारा. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसला तेव्हा कालिंदीने डोळा काढून खिडकीबाहेर बघितलं होतं. बाहेर सायकलवरून कडबा चालला होता. इतक्या नाजूक गोष्टीला इतक्या मोठ्या पाण्यात राहायची परवानगी कशी मिळाली, असा काहीतरी बावळट विचार तेव्हा मनात आला होता आणि तो तिने कुणाला सांगितला नव्हता.

पुढची गोष्ट ती वर्गात दर वर्षी सांगे. पावसाळ्याचा वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर ढकलतो, त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं, त्या पाण्यात खत असतं, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात, त्या खायला हे प्राणी येतात आणि यांना खायला मासे. वारा ढिला पडला की गार पाणी वर येत नाही आणि ही सगळी उतरंड खालून रिकामी होते. बहात्तर साली तसं झालं. पाऊस गेला, वारा गेला, आणि तिच्या त्या सालच्या बरण्यांत शंखवाले जवळजवळ नव्हतेच. गेल्या वर्षी, ब्याऐंशीला, पुन्हा तसं झालं. लांब तिकडे पॅसिफिकचं पाणी तापलं, इकडे पाऊस तुटला, आणि शंख निम्म्यावर आले. एकदा घडलं तर योगायोग म्हणता येतो. दोनदा घडलं, दोन्ही वेळा तशाच सालात, तर त्याला काहीतरी म्हणावं लागतं. ते काय म्हणायचं हे तिने लिहिलं होतं. शुक्रवारी गोव्याच्या परिषदेत ते वाचायचं होतं. त्याचा गोषवारा छापून झाला होता, आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्याच्यावर उभं होतं. म्हणजे बारा वर्षं दोन पायांवर उभी होती, आणि त्यातला एक पाय आज सकाळी सात वाजता आक्कांनी पिंपात बुडवला होता. तुरटी आंबट असते. हे तिला सातवीत कळलं होतं.

प्रयोगशाळेत आकाराम शिपायाने खिडक्या उघडल्या होत्या. तिने बहात्तरच्या बरण्या कपाटातून काढून टेबलावर मांडल्या, शेजारी एकाहत्तरच्या. लिटमसचा कागद बुडवला. बहात्तरच्यात लाल झाला. एकाहत्तरच्यातही झाला, जरा कमी. जुन्या फॉर्मलिनचं ते होतंच, टाकणखार घातला तरी. जरा कमी म्हणजे किती, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. बहात्तरच्या दोन बरण्यांच्या तळाशी पांढरट, बुळबुळीत साका होता. तो तुरटीचा असू शकत होता. कुजलेल्या अंगांचाही असू शकत होता. कॉटखाली कोणत्या बरण्या पुढे होत्या? तिने डोळे मिटून ती खोली आणायचा प्रयत्न केला. लोखंडी कॉट आली, तिच्यावरची हिरवी सोलापुरी चादर आली, सहा महिन्यांच्या पोटाचं ओझं आलं, कमरेतून वाकता येत नव्हतं हेही आलं. बरण्या आल्या नाहीत. त्या तिने लावल्याच नव्हत्या.

"आकाराम, पत्रे बदलताना माझ्या घरी बरण्या आणून ठेवल्यात, आठवतंय?"

"आठवतंय की बाई. रिक्षावाला शिव्या देत हुता, वास मारतोय म्हणून."

"पुढे कुठल्या ठेवल्या होत्या? नव्या का जुन्या?"

"आता ते कसं सांगू?" तो मनापासून विचारात पडला. "बरन्या सारख्याच की ओ समद्या."

विभागप्रमुख माधवराव देशिंगकर अकराला आले. ते तिचे मार्गदर्शक; निबंधावर दुसरं नाव त्यांचं होतं. तिने दार लोटून घेतलं आणि जे ऐकलं ते ऐकलं तसं सांगितलं. त्यांनी आधी चष्मा काढला, मग हसले, आणि हसता हसता थांबले.

"सासूबाईंनी?"

"हो."

"तुरटी?"

"हो सर."

"आभारप्रदर्शनात नाव घाला त्यांचं." मग आवाज खाली आला. "शंख तुम्ही मोजलेत कधी? बरण्या इकडे परत आल्यावर ना?"

"चौऱ्याहत्तरच्या शेवटाला. ओळखायचं पुस्तक पुण्याहून उशिरा आलं. बिनशंखाचे कोपेपॉड आधी मोजले होते, बाळंतपणाआधी. ते थोडे कमी होते."

"थोडे."

"थोडे. शंख मात्र नव्हतेच."

देशिंगकरांनी टेबलावरची पिन उचलून डबीत टाकली. "कालिंदीबाई, मी काय म्हणतो ते नीट ऐका. तुमच्या सासूबाईंच्या आठवणीला तारीख नाही, बरणीचा नंबर नाही. पुढल्या बरण्या म्हणतात, कुठल्या सालच्या ते ठाऊक नाही. उद्या म्हणतील, तुरटी नव्हे, खडीसाखर होती. तुम्ही अशा सांगण्यावर आकडे पुसत बसणार? हा काही पुरावा नव्हे."

"नाही. पुरावा नाही."

"मग?"

"पण मला आता ते माहीत आहे."

"तुम्हाला माहीत नाही. तुम्ही ऐकलंय." ते खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि मी तर ऐकलेलंही नाही."

ते वाईट माणूस नव्हते, हे जिन्यावरून उतरताना तिच्या मनात आलं, आणि तेच अवघड होतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बहात्तरचा आकडा खरा असण्याची शक्यता तुरटीने संपत नव्हती; ती फक्त एकटी राहत नव्हती. तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली होती, कॉटच्या कडेला, डोळे पुसत. समुद्रात शंख नव्हते, किंवा शंख होते आणि आमच्या घरात विरघळले. दोन्ही वाक्यांत बरणी सारखीच रिकामी दिसते. दुपारी दोन तास घेतले. बेडकाचं हृदय शिकवलं. फळ्यावर काढलेल्या कप्प्यांपैकी एक विसरला, मुलींनी सांगितल्यावर काढला. मग कपाटातून एक्याऐंशीच्या नमुन्यातली एक राखीव बरणी घेतली. एक्याऐंशीचं साल चांगलं होतं, तिच्यात शंख भरपूर होते. त्यांचे दोन सारखे भाग केले, दोन्हीकडचे शंख मोजले, एक बरणी कपाटात ठेवली आणि दुसरी टॉवेलात गुंडाळून घरी नेली.

आक्का दारात तांदूळ निवडत होत्या. तिने बरणी त्यांच्यासमोर पाटावर ठेवली, झाकण काढलं आणि सकाळचा तुरटीचा खडा आणून दिला.

"आता कशाला? निवळ हाय की ही."

"तेव्हा फिरवली होती तशीच फिरवा. तेवढाच वेळ."

आक्कांनी पदर नाकाला लावला. खडा दोन बोटांत धरून बरणीत घातला आणि फिरवला. दोन वेढे म्हणाल्या होत्या, पण हात काही मोजून थांबला नाही, जुन्या सवयीने फिरत राहिला आणि मग आपला आपण थांबला. कालिंदीने त्या हाताकडे बघितलं. याच हाताने नंदिनीला तेल लावलं होतं, अंघोळ घातली होती. नेसरीहून चाळीस दिवसांची पोर घेऊन ती आली तेव्हा याच घरात पाळणा तयार होता, खोली सारवलेली होती, आणि बरण्या नीट ओळीने भिंतीशी लावलेल्या होत्या. ते तिला आता आठवलं. स्वच्छ बरण्या. किती छान ठेवल्यात, असं ती तेव्हा म्हणालीसुद्धा असेल.

आक्कांनी खडा पुसून खाली ठेवला. "कालिंदे, माज्या हातनं काय नुकसान झालंय व्हय गं?"

नाही म्हणायला एक क्षण पुरेसा होता, आणि तो क्षण गेला. "अजून माहीत नाही," ती म्हणाली.

हे बरोबर उत्तर होतं. आक्का तांदळाकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंपात तुरटी फिरवली नाही. पाणी तसंच ठेवलं, आपोआप बसेल तेवढं बसू दिलं, मग वरचं अलगद काढून फडक्यातून गाळलं आणि उकळलं. हंबीररावांनी विचारलं, "तुरटी संपली काय? आणतो येताना." आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." त्यांनी बायकोकडे बघितलं. तिने सगळं सांगितलं. ते मशीनवाले माणूस, ऐकून म्हणाले, "मग माप चुकलं असंल तर जॉब टाकून द्यायचा, दुसरा घ्यायचा. त्यात एवढं काय?" मग तिच्या चेहऱ्याकडे बघून, "दुसरं बहात्तर साल कुठनं आणायचं म्हणा."

हे वाक्य ते सहज बोलून गेले. पण ते वाक्य तिच्याबरोबर गुरुवारी सकाळच्या पणजी गाडीत बसलं. गारगोटीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता, भात होतं, इरल्याखाली वाकलेल्या बायका होत्या, ओढे रस्त्यावर आले होते. यंदा सगळीकडे पाणी. तिने मनात हिशेब केला, म्हणजे वारा चांगला, म्हणजे समुद्रात गार पाणी वर येत असणार, म्हणजे दिवाळीला बरणीत शंख भरपूर. हे साल तिच्या काही कामाचं नव्हतं. तिला हवं होतं ते दुसरं. पाऊस नसलेलं, वारा पडलेलं, जूनभर आभाळ कोरडं असलेलं साल, ते आणि त्याच्यानंतर आणखी एक, म्हणजे मग कुणी योगायोग म्हणू शकणार नाही. ते लवकर यावं. खिडकीच्या गजाला धरलेला तिचा हात तिला दिसला, आणि आपण कशाची वाट बघतोय ते तिला शब्दांत कळलं. बहात्तर साली नेसरीचे आबा, म्हणजे तिचे वडील, बांधावर उभे राहत. करत काही नसत. नुसते उभे राहत. नेसरीकडे पाऊस तसा बरा, पण त्या साली तिथेही भात पोटरीत करपलं. रेशनवर लाल मायलो आला, परदेशी ज्वारी. आई त्याच्या भाकरी थापायची. त्या तव्यावर फुटायच्या. कालिंदी त्या दिवाळीत पोटात दिवस असताना माहेरी न जाता मालवणला गेली होती, होडीत बसून जाळं वर येताना बघत होती, आणि जाळ्यात फार काही नव्हतं म्हणून तिला आनंद झाला होता. काहीतरी सापडल्याचा आनंद. तो तिने आजवर कधी तपासून बघितला नव्हता. जाळ्यात फार काही नव्हतं. हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं का? पाहिलं होतं असं आता वाटत होतं. पण आता तसं वाटणं तिच्या सोयीचं होतं, म्हणून ते बाजूला ठेवावं लागलं. आंबोलीच्या घाटात धुकं आलं, ड्रायव्हरने दिवे लावले, आणि गाडीतली बोलणी बंद झाली. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, काच लावा की. भिजाय लागलोय." तिने काच लावली.

शुक्रवारी दुपारी तिची पाळी आली. सभागृहात पंखे होते, बाहेर पाऊस होता, पन्नासेक माणसं होती आणि निम्मी जेवणानंतरची होती. देशिंगकर आले नव्हते. त्यांनी ताप असल्याचं कळवलं होतं. ती छापल्याप्रमाणे वाचत गेली. वारा, गार पाणी, प्राणी. बहात्तरच्या आकड्याशी आली तेव्हा थांबली, चष्मा वर केला आणि कागदावर नसलेलं बोलली. त्या वर्षीच्या काही बरण्या जपून ठेवलेल्या असताना त्यांत तुरटी गेली असण्याची शक्यता आहे, कोणत्या बरण्यांत ते ठरवता येत नाही, शंख त्यानंतर मोजले आहेत, म्हणून हा आकडा धरू नये. मागच्या रांगेत कुणीतरी विचारलं, तुरटी कशी गेली? ती म्हणाली, "बरण्या माझ्या घरी होत्या. पाणी गढूळ दिसलं म्हणून फिरवली गेली." थोडं हसू आलं, वाईट नव्हतं, घरी तुरटी असलेल्या माणसांचं होतं. कुणी फिरवली ते तिने सांगितलं नाही. अध्यक्ष वयस्कर होते. त्यांनी पेन्सिल ठेवली. "म्हणजे तुमच्याकडे एकच वर्ष उरलं, ब्याऐंशी. एका वर्षावरून संबंध सांगता येणार नाही."

"नाही येणार."

"मग पुढचं तसं वर्ष केव्हा?"

"माहीत नाही," ती म्हणाली. यावं की येऊ नये, हे कुणी विचारलं नाही.

घरी आल्यावर देशिंगकरांची चिठ्ठी होती, प्रबंध ऑगस्टअखेर द्यायचा नाही, शेवटच्या प्रकरणाबद्दल बोलू. ते बोलणं अजून झालेलं नाही. दोघे एका खोलीत बसून चहा घेतात आणि परीक्षेच्या कामाचं बोलतात. तुरटीची बरणी तिने कॉलेजात नेली नाही. ती स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर आहे, सूक्ष्मदर्शक मात्र आठवड्यातून एकदा आकाराम सायकलवर घरी आणून देतो. आक्का त्या दिवशी दुपारची झोप घेत नाहीत. कालिंदी बरणीतले शंख काचेच्या ताटलीत घेते, मोजते, परत घालते. आक्का मागे उभ्या राहून विचारतात, "इरघाळलं का?" विरघळले तर त्यांच्या हातून झालं, नाही विरघळले तर समुद्राने केलं. त्यांना काय हवंय ते त्यांच्या आवाजात ऐकू येतं. कालिंदीलाही तेच हवंय, म्हणून ती प्रत्येक शंख दोनदा बघते. एकदा तिने त्यांना स्टुलावर बसवून भिंगातून बघायला लावलं. आक्कांनी एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला. मग म्हणाल्या, "अगं बया, ह्येला पंख हायती की."

गुरुवार, अकरा ऑगस्टच्या पाहणीत तुरटीच्या बरणीतले शंख तितकेच भरले. काहींची काच जाऊन ते पांढुरके झाले आहेत. कपाटातल्या, तुरटी नसलेल्या बरणीतही काही तसे झाले आहेत. कमी, पण झाले आहेत. बहात्तरच्या बरण्यांत तुरटी फिरवल्यापासून शंख मोजेपर्यंत दीड वर्ष गेलं होतं. तेवढाच काळ थांबायचं तर पंचाऐंशी उजाडेल, हे कालिंदीने आक्कांना सांगितलं. त्यांचं वय बहात्तर की चौऱ्याहत्तर, याबद्दल घरात एकमत नाही. "तवर हाय की मी," त्या म्हणाल्या आणि बरणी फळीवर ठेवायला त्यांनीच उचलली, दोन्ही हातांनी, हलू न देता.

आजघडीला तिच्यात शंख आहेत.